एअर

स्टार्टर फिरतोय. ऐक.
जोरात फिरतोय, बॅटरीची कुरकुर नाही,
दिवेही पिवळे पडत नाहीत.
इंजिन पकडतं, दहा-बारा गचके खातं
आणि बसतं
पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं.
आता उठवून दाखव.

पहाटेचे साडेतीन. नाट्याच्या चढावर टेम्पो,
चाकामागे जांभ्याचा चिरा,
पाठीमागे भुशात बर्फाच्या चौदा लाद्या.
फळ्यांतून पाणी गळतंय
आणि कुठूनसा आलेला कुत्रा
ते चाटतोय, सावकाश,
जणू त्याच्यासाठीच थांबलेय मी.

सीट उचलून फोन इंजिनाशी धरलाय.
वासू फुजैराच्या बाहेर, नांगरलेल्या टँकरवर.
तिकडे दोन वाजलेत. डेकच्या एकाच कोपऱ्यात
रेंज मिळते, तिथे उभा असेल,
कान दाबून.

"परत मार."
मारला.
"मागनं धूर येतो काय गो?"
एक हात चावीवर, बाकीची मी दाराबाहेर लोंबकळून बघते:
काळा नाही. पांढरा नाही.
"मग डिझेल पोचतच नाय."
काटा अर्ध्यावर आहे, मी म्हणते.
"काटा लग्नापास्नं अर्ध्यावरच आहे."

खराट्याची एक हीर उपसून
टाकीत सोडली. चार बोटं ओली.
डिझेल आहे.
"म्हणजे एअर घेतलान."
एवढंच म्हणाला, आणि मला बरं वाटलं,
रोगाला नाव मिळालं की वाटतं तसं.

दहाचा पाना. फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट.
"सगळा काढू नको. दोन आटे."
अंगठ्याने हातपंप दाबत राहिले.
आधी नुसता सुस्कारा. मग फेस,
माडीच्या मडक्यावर चढतो तसा,
मनगटावरून कोपरापर्यंत.
पलीकडे तो काही बोलत नव्हता.
मोजत होता बहुतेक.
"बुडबुडे सरले?"
सरले.
"धार सरळ?"
सरळ.
"आवळू नको अजून. हवा आली कुठनं, ता आधी बघ.
नायतर बंदराच्या तोंडाशी परत बसेल."

मोबाईलची बॅटरी, वीस टक्के, दातांत धरून
पाईप चाचपला. टाकीकडून येणारा, रबरी.
तोंडाशी बारीक चीर,
खाऱ्या वाऱ्याने नख लावल्यासारखी.
गेल्या पावसात हाच पाईप बदलायचा होता.
तो म्हणाला होता. मी म्हणाले होते, चालतंय.
आता दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

भुशाच्या पोत्याखालची कोयती काढली,
तडकलेलं पेर छाटलं,
उरलेला पाईप ओढून बसवला, क्लिप आवळली.
आणि परत पहिल्यापासून:
बोल्ट, अंगठा, सुस्कारा, फेस,
अंगठ्याला फोड, धार.
आवळला.

आता?
आता मारू?
वासू?

रेंज गेली होती.
कुत्राही गेला होता.
मीच मारला.

पकडलं. गचके खाल्ले. मी श्वास धरला,
बसलं नाही.
वीस मोजले, चाळीस,
साठाला सीट खाली टाकली,
चिरा लाथेनं उडवला.

उतारभर फोन वाजत होता. सात वेळा.
घेतला नाही, एक हात गिअरवर, एक स्टिअरिंगवर,
तिसरा असता तर डोळे पुसले असते,
डिझेल गेलं होतं डोळ्यांत.

धक्क्यावर चोगल्यांचा तुषार लाद्या ओढत म्हणाला,
काकी, दोन तरी विरघळल्या, इंजिन तरी बंद करा.
नाही केलं.
आठव्यांदा वाजला तेव्हा उचलला
आणि काहीच न बोलता
इंजिनाशी धरला.

बराच वेळ ऐकलं त्याने.
मग खाकरला.
"आयडलिंग जरा जास्त वाटता.
स्क्रू अर्धा आटा कमी कर."

नाही करणार.
मार्चमध्ये येतोय.
तोवर राहू दे थोडं जास्त.